डोळेमामांचा हात

डोळेमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका रोपाशी भांडत होते. "नीट उभं राहा की जरा. लग्नाला निघालायस का एवढा नखरा करायला?"

जमिनीवर पोतं टाकून, एक पाय दुमडून आणि दुसरा पसरून ते बसले होते. गळ्यात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा जुडगा लोंबत होता. त्यांनी रोपाच्या सालीवर एक आडवी आणि एक उभी चीर दिली, चाकूच्या मागच्या टोकानं साल अलगद उचकली, हातातल्या फांदीवरून एक डोळा काढून आत सरकवला आणि वरून पट्टीचे चार वेढे दिले. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तोवर ते पुढच्या रोपाशी बोलायला लागले होते.

डोळा म्हणजे पानाच्या बेचक्यात असतो तो इवलासा कोंब. ज्या झाडाची फळं हवीत त्याचा डोळा काढायचा आणि दणकट मुळांच्या दुसऱ्या रोपावर, म्हणजे खुंटावर, बसवायचा. संत्र्या-मोसंबीची बाग अशीच उभी राहते. आमच्या भागातल्या निम्म्या बागा या एकाच माणसाच्या हातून उभ्या राहिल्या होत्या, म्हणून लहानथोर सगळे त्यांना डोळेमामा म्हणत. शंभर डोळे भरले की इतरांचे सत्तर लागत, मामांचे अठ्ठ्याण्णव. उरलेल्या दोनांबद्दल ते आठवडाभर कुरकुरत बसत. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा एका बाजूनं चपटा झाला होता आणि त्याचा त्यांना इतका अभिमान, की कुणी फोटो काढायला लागलं तर चेहऱ्याआधी हात पुढे करत. मला तेव्हा हा माणूस चांगलाच आगाऊ वाटला होता.

हे मी आता लिहायला बसले आहे, कारण या माणसाचं मी वाटोळं केलं. एकटीनं नाही, पण केलं.

मामा रोपवाटिकेत होते. मी रस्त्याच्या पलीकडे, तपासणी केंद्रात. रोपवाटिकेला कुठल्याही नव्या झाडाचे डोळे वापरायचे असले, तर आधी आमच्याकडून ते झाड निरोगी असल्याचा दाखला घ्यावा लागे. तो दाखला द्यायच्या आमच्या बाई. सगळे त्यांना निकालबाई म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई उंच, किडकिडीत, एकट्या राहणाऱ्या. केंद्राच्या मागे दोन खोल्यांत त्यांचं घर, आणि सकाळी सातला त्या काचेच्या खोलीत हजर. मी चोविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली रोजंदारीवर लागले, आणि पहिल्या महिन्यात दोनदा रडले.

काचेच्या खोल्या दोन होत्या, एक गार आणि एक गरम. झाडांचे काही रोग गारव्यात तोंड दाखवतात, काही उकाड्यात. गरम खोलीतला रोग सगळ्यांत लबाड. त्याला व्हायरॉइड म्हणतात. विषाणूहूनही किरकोळ चीज, पण एकदा झाडाच्या रसात शिरली की कायमची. औषध नाही, फवारणी नाही. झाड पाच-सहा वर्षं मस्त हिरवंगार दिसतं, आणि मग कलमाच्या सांध्याखालची साल पापुद्र्यांनी सुटायला लागते, झाड खुरटतं, फळ धरेनासं होतं. तोवर त्या झाडाचे डोळे हजार ठिकाणी गेलेले असतात.

म्हणून तपासणी. नव्या झाडाच्या सालीचा तुकडा बाई महाळुंगाच्या, म्हणजे लिंबाच्याच जातीतल्या एका झाडाच्या, रोपावर बसवायच्या. महाळुंग भारी नाजूक. रोग असला तर मोसंबी सहा वर्षं पत्ता लागू देत नाही, महाळुंग सहा महिन्यांत पानं खाली मुडपून घेतं. पानामागची शीर तपकिरी पडते. पण त्यासाठी त्याला उकाडा लागतो, अगदी घामाच्या धारा लागतील असा. गारव्यात रोग महाळुंगातही झोपून राहतो.

प्रत्येक खेपेत एक महाळुंग मुद्दाम आजारी केलेलं असे. बाई त्याला साक्षीदार म्हणायच्या. "हा पडलाच पाहिजे आजारी," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "हा ठणठणीत राहिला, तर बाकीच्यांच्या ठणठणीतपणाला काडीचा अर्थ नाही. मग खोलीचं काहीतरी बिनसलंय असं समजायचं आणि सगळी खेप रद्द करायची."

"सगळी?"

"सगळी. पुन्हा सहा महिने. रडायचं असेल तर बाहेर जाऊन."

मामा आठवड्यातून एकदा तरी केंद्रात यायचे, काम असो वा नसो. बाईंची खोडी काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बाईंच्या टेबलाखाली पाण्यात ब्लीच कालवलेली बादली असायची. एका झाडाला पातं लागलं की ते बादलीत बुडवल्याशिवाय दुसऱ्याला लावायचं नाही, हा त्यांचा दंडक. मामा मात्र चाकू दिव्याच्या ज्योतीवर धरायचे.

"आगीनं जात नाही हो हे," बाई म्हणायच्या. "चुलीत घातलंत तरी पात्यावर बसून राहील. बादली ठेवा एक."

"तुमच्या पाण्यानं पात्याला गंज चढतो. माझ्या वडिलांनीही आगच दाखवली चाकूला. त्यांची झाडं बघा जाऊन."

"तुमच्या वडिलांचं नशीब."

"आणि माझा हात," मामा म्हणायचे आणि अंगठा नाचवून दाखवायचे. बाई हसायच्या. त्यांनी ते कधी लावून धरलं नाही. दाखला मिळालेल्या झाडांवरच तर मामा चाकू चालवत होते, मग पात्याला लागणार काय, असंच आम्हाला सगळ्यांना वाटायचं.

एका हिवाळ्यात मामांनी एक झाड शोधून काढलं. एका जुन्या, अर्धवट सोडून दिलेल्या बागेच्या कोपऱ्यात ते उभं होतं. पातळ सालीचं, गच्च रसाचं, आणि फांद्या जमिनीला टेकतील इतकं लगडलेलं. मामा त्या झाडाच्या प्रेमातच पडले. "असं झाड माणसाला एकदाच भेटतं," ते सगळ्यांना सांगत सुटले. त्याची काडी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून स्वतः केंद्रात आणून दिली. आमच्या वहीत त्याला नंबर मिळाला अकरा.

त्या खेपेची महाळुंगं फेब्रुवारीत लागली. मला तेव्हा तिसरा महिना होता. एप्रिलच्या अखेरीस, भर दुपारी, गरम खोलीत पाण्याची झारी हातात असताना मी चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा बाई माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि शिव्या देत होत्या. मला, केंद्राच्या साहेबांना, माझ्या नवऱ्याला, जो समोर येईल त्याला.

दोनशे कुंड्यांना दिवसातून तीनदा पाणी घालायचं होतं आणि बाईंचे गुडघे गेलेले. रोजंदारीवरच्या बाईला उकाडा सोसत नाही, हे साहेबांच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी आली असती. मी बाईंना हात जोडले. त्यांनी छताजवळच्या झडपा उघडल्या आणि भिंतीतला मोठा कूलर लावला.

"दहा ते पाच," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी बंद करायचा. सकाळ-संध्याकाळचा उकाडा पुरे होईल त्यांना."

वहीत तापमान सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला लिहायचं असे. त्यामुळे वहीला कशाचाच पत्ता लागला नाही. सात-आठ आठवडे मी त्या खोलीत गारव्यात काम केलं. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा काळ होता. महाळुंगाच्या पांढऱ्या-जांभळट फुलांचा वास, कूलरची घरघर आणि पोटात पोर लाथा मारतेय. एवढ्या कडक बाई माझ्यासाठी इतकं करतात, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

निकालाचा दिवस जुलैत आला. मला नववा लागला होता, पाठ भरून आली होती, कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. बाई एकेका कुंडीपुढे उभ्या राहायच्या, पान बोटांवर घेऊन उलटायच्या, शीर बघायच्या आणि बोलायच्या, मी वहीत लिहायची. नऊ, स्वच्छ. दहा, स्वच्छ. अकरा, स्वच्छ. मग साक्षीदार.

त्याच्यापुढे त्या खूप वेळ उभ्या राहिल्या. मलाही दिसत होतं. दोन वर्षं मी तेच काम करत होते, मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. साक्षीदाराची पानं पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. मागची शीर हिरवी होती.

"हे जरा वाकलंय," बाई म्हणाल्या. "नाही?"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी म्हणाले, "हो बाई."

"लिही मग. साक्षीदार, लक्षणं स्पष्ट."

मी वही त्यांच्यापुढे धरली. ती एक ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. खेप रद्द केली असती तर कारण द्यावं लागलं असतं. कूलर, मग मी, मग माझी नोकरी. हे सगळं त्या दोन मिनिटांत आम्हा दोघींच्याही मनात येऊन गेलं. बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला अकरा पुन्हा लावून बघू." पण पुढच्या खेपेला चाळीस नवी झाडं रांगेत होती, आणि अकरा राहून गेलं. दहा दिवसांनी माझी मुलगी झाली.

अकरा नंबरला दाखला मिळाल्यावर मामा पेढे मिळाल्यासारखे खूष झाले. त्या वर्षी आणि पुढची चार वर्षं ज्याला-त्याला अकराचंच रोप हवं होतं. मामांनी त्याचे किती डोळे भरले याची गणती नाही. प्रत्येक काडी त्यांनी स्वतःच कापली. दुसऱ्या कुणाला त्या झाडाला हातही लावू दिला नाही. रोपं बागांतून गेली आणि वाढायला लागली. माझी मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. मला केंद्रात कायम केलं. बाईंनीच साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता.

मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी पहिली बातमी आली. एका बागेत झाडांच्या बुंध्याची साल सुटतेय, झाडं माणसाच्या खांद्याच्या वर जातच नाहीत. मग दुसरी बाग, मग पाच. साहेबांबरोबर आम्ही सगळे बघायला गेलो. मी वाकून एका बुंध्याला हात लावला तर वाळकी साल पापुद्र्यासारखी हातात आली. बाई माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी झाडाकडे पाहिलंच नाही, त्या माझ्याकडे बघत होत्या.

साहेबांनी अकरा नंबरची काडी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथलं यंत्र आठ दिवसांत सांगतं. झाडात रोग आहे, असा निरोप आला. मग साहेबांनी रोपवाटिकेच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. मामाही होते. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी अगदी शांतपणे हिशेब मांडला. सात वर्षांपूर्वी अकरा नंबर स्वच्छ होता, वहीत नोंद आहे आणि साक्षीदाराची ओळ बाईंच्या हातची आहे. आज त्यात रोग आहे. मधल्या काळात तो कुठून आला? हा रोग हवेतून येत नाही, किडीतून येत नाही. तो पात्यावरून येतो. आणि त्या झाडाला पातं लागलं ते एकाच माणसाचं, जो जुन्या बागांतूनही काड्या कापत हिंडायचा.

"आगीनं जात नाही हो हा," साहेब मामांना म्हणाले. "बादली ठेवायला हवी होती."

मामा काहीतरी टोमणा मारतील म्हणून सगळे वाट बघत राहिले. मामांनी आपला उजवा हात समोर धरला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई मला सांगत होत्या. वीस वर्षं सांगत होत्या."

त्यानंतर त्यांनी एकही डोळा भरला नाही. रोपवाटिकेच्या मालकानं समजावलं, इतर कामगारांनी मनधरणी केली, बायकोनं अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. केंद्रानं बागवाल्यांना सांगितलं, खुरटलेली झाडं उपटा, बाकीच्यांना छाटणीच्या वेळी प्रत्येक झाडामागे कात्री बादलीत बुडवा, अकरा नंबर मुळासकट काढा. ज्या दिवशी अकरा काढला त्या दिवशी मामा तिथे होते. शेवटचं मूळ तुटेपर्यंत उभे राहिले आणि मग चालत घरी गेले.

मग ते बागांतून हिंडायला लागले. जिथे जिथे त्यांनी डोळे भरले होते, तिथे जायचे. परवानगी मागून आत शिरायचे, एकेका झाडाच्या बुंध्याशी बसायचे आणि साल चाचपायचे. पूर्वी झाडांशी भांडणारा माणूस, पण आता तोंडातून शब्द नाही. बागवाले आधी चिडायचे, मग त्यांना त्यांची भीती वाटायला लागली. एका बागवालीनं मला सांगितलं, "ते आले की मी बघत राहते, कुठे बसतात. ज्या झाडापाशी जास्त वेळ बसतात, ते पुढच्या वर्षी सुटतंच." मामा दाराशी दिसले की लोक मुलांना आत बोलवायला लागले. एवढ्या लाडक्या माणसाची ही गत झाली. मी ते ऐकायची, मान हलवायची आणि घरी येऊन मुलीची वेणी घालायची. तिचे केस विंचरताना दर वेळी माझ्या मनात यायचं, ही आणि ती झाडं एकाच वयाची.

बाईंचं वेगळंच झालं. त्यांना गारवा सोसेना. मी त्यांच्या घरी गेले की भर उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या बंद, पंखा बंद, अंगावरून घाम निथळतोय आणि त्या भिंतीला टेकून बसलेल्या. मी खिडकी उघडायला गेले तर अंगावर ओरडल्या, "राहू दे! बंद राहू दे!" केंद्रातला तो कूलर त्यांनी भिंतीतून काढायला लावला. तिथे विटा रचून घेतल्या. तरी दुपारी गरम खोलीत असताना त्या मध्येच थांबून विचारायच्या, "घरघर कशाची येतेय गं?" आणि काय सांगू, मलाही ती ऐकू यायची.

निवृत्तीला चार महिने उरले असताना बाईंनी मामांना केंद्रात बोलावून घेतलं. मला म्हणाल्या, "तू थांब." मामा आले. ते निम्मे झाले होते. खुर्चीवर न बसता दाराशीच उभे राहिले.

बाईंनी सगळं सांगितलं. कूलर, झडपा, साक्षीदार, वहीतली ओळ. न रडता, न थांबता, एखादा निकाल वाचून दाखवावा तसं. "अकरा आधीपासूनच आजारी होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणलंत तेव्हाही. तुमच्या हातानं काही झालेलं नाही. मी खोटं लिहिलं."

मामा हसले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसले, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही आणि खोटं? अहो, मालकाच्या सख्ख्या भावाची झाडं नापास केलीत तुम्ही. माझ्यावर दया येतेय तुम्हाला, कळतं मला. पण माझ्यासाठी आता स्वतःचं नाव घालवू नका."

"दया नाही हो. खरं सांगतेय."

"मशीन लावून बघा मग."

"मशीन आजचं सांगतं. तेव्हाचं कसं सांगणार?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. ही होती तिथे."

मामा माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. ती आशा होती, आणि तिची त्यांना लाज वाटत होती. "काय गं पोरी?" ते हळूच म्हणाले. "तू सांग. साक्षीदाराचं पान सरळ होतं?"

मी कायम झाले होते. केंद्राच्या मागच्या त्या दोन खोल्या बाईंनंतर मला मिळायच्या होत्या, बाईंची जागाही मलाच. खोटी नोंद मी डोळ्यांनी पाहिली आणि गप्प बसले, हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की सगळं गेलं. असा विचार मी केला का? केला. तेवढ्या वेळात माणूस पुष्कळ विचार करतो.

"मला आठवत नाही, मामा," मी म्हणाले. "फार वर्षं झाली."

मामांनी मान हलवली, जणू त्यांना ठाऊकच होतं. बाईंना नमस्कार करून ते निघून गेले. बाईंनी साहेबांना लेखी दिलं. साहेबांनी कागद वाचला, मला बोलावून विचारलं, आणि मी तेच उत्तर पुन्हा दिलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. साहेबांना वाटलं बाई थकल्या आहेत, मामांच्या दशेचं मनाला लावून घेतलंय. तो कागद त्यांनी कपाटात ठेवून दिला. चार महिन्यांनी बाई बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना मला किल्ल्या देत म्हणाल्या, "माझी चूक मी केली. तुझी तू बघ."

मग गरम खोलीत मी एकटी. लोक आता मला निकालबाई म्हणायला लागले होते. सकाळी सातला आत गेलं की दोनशे महाळुंगं माझ्याकडे बघताहेत असं वाटायचं. साक्षीदार दर खेपेला वाकायचा, अगदी शेंड्यापासून मुडपायचा, आणि मी त्याचं पान बोटावर घ्यायची तर मला ते सरळ दिसायचं. डोळे चोळून पुन्हा बघायचं, तरी सरळ. हाताखालच्या बाईला बोलावून विचारायला लागले, "हे वाकलंय ना? नक्की वाकलंय ना?" ती "हो बाई" म्हणायची, आणि त्या दोन शब्दांनी माझ्या अंगावर काटा यायचा. तिचं तरी खरं कशावरून? एका खेपेला मी सगळी पानं फूटपट्टी लावून मोजली. मोजूनही विश्वास बसेना.

दोन वर्षं मी अशी काढली. मग एका रविवारी सकाळी उठले, साहेबांना द्यायचा कबुलीचा कागद लिहून पिशवीत ठेवला, आणि त्यांच्याकडे जायच्या आधी मामांच्या घरी गेले. घर लहान, पुढे मातीचं अंगण. मामा ओट्यावर बसले होते. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मामा, पान सरळ होतं."

त्यांनी बसायची खूण केली, पण मी उभीच राहिले.

"मला आठवत होतं. तेव्हाही आठवत होतं. शीर हिरवी होती आणि पान पट्टीसारखं सरळ होतं. बाई खरं बोलत होत्या. कूलर माझ्यासाठी लावला होता."

मला वाटलं होतं ते मला हाकलून देतील. हाकललं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी आणलं तेव्हाच अकरा आजारी होतं?"

"हो."

"माझ्या चाकूनं नाही."

"अकराला नाही. दुसरीकडे कुठे थोडंफार पसरलं असेल, ते मी सांगू शकत नाही. पण सुरुवात तुमच्या हातानं झाली नाही."

मामांनी आत हाक मारली. "ऐकलंस का? ही काय म्हणतेय ऐकलंस? माझ्या हातात दोष नव्हता." त्यांचा आवाज फाटला होता. मामी साबणाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. "मी काय वेगळं सांगत होते इतकी वर्षं?" त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मान खाली घातली.

मामा उठले. आत गेले, बराच वेळ काहीतरी शोधलं आणि चाकू घेऊन बाहेर आले. अंगणाच्या कडेला आपोआप उगवलेली लिंबाची चार-पाच रोपं होती. त्यांतलं पेन्सिलीएवढ्या जाडीचं एक निवडून ते त्याच्यापुढे जमिनीवर बसले, एक पाय दुमडून, दुसरा पसरून. कुंपणापाशी त्यांचं जुनं मोसंबीचं झाड होतं. "त्याची एक काडी आण," ते मला म्हणाले. "आणि आधी बादली. ब्लीच आहे गं घरात?"

मामींनी बादली आणून ठेवली. मामांनी पातं तिच्यात बुडवलं, मनात आकडे मोजले आणि बाहेर काढलं. मग आडवी चीर द्यायला गेले. हात थरथरला. पातं साल सोडून आतल्या लाकडात शिरलं.

"सवय गेली," ते म्हणाले. दुसरी चीर दिली. तीही तशीच. काडीवरून डोळा काढताना तो मधोमध कापला गेला. दुसरा काढला, तो बोटांतून निसटून मातीत पडला. त्यांनी हात मांडीवर घट्ट दाबून धरला, सोडला, पुन्हा समोर धरला. तो थांबत नव्हता. तीन वर्षं काम सोडलेल्या, साठी उलटलेल्या माणसाचा हात होता तो. पहिलं वर्ष माझं एकटीचं नव्हतं, पण नंतरची दोन माझी होती, आणि त्या अंगणात ते आम्हा तिघांनाही कळत होतं.

"खुंट हलतोय," मामा म्हणाले. "तू धर जरा."

खुंट हलत नव्हता. मी खाली बसून तो दोन्ही हातांनी धरला. मामी दारातून आत गेल्या. एक रोप झालं, दुसरं झालं, मग तिसरं. प्रत्येक वेळी मामा पातं बादलीत बुडवायचे, आकडे मोजायचे आणि पुन्हा वाकायचे. ऊन ओट्यावरून सरकत भिंतीपर्यंत गेलं तरी आम्ही तसेच बसलो होतो. एकही डोळा बसला नाही.